संगणक-जाळ्यातील कूटलेखनाचे स्थान : स्तररचनेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात संगणक-जाळे हा विषय शिकविताना सात स्तरांचा तक्ता फळ्यावर काढला जातो व प्रत्येक स्तरापुढे त्याची कामे लिहिली जातात. सहाव्या, म्हणजे प्रेझेंटेशन स्तरापुढे सामान्यतः तीन कामे येतात : माहितीच्या स्वरूपाचे रूपांतर, संक्षेपण आणि कूटलेखन. येथे कूटलेखन हा शब्द एन्क्रिप्शन या अर्थी योजिला आहे. परीक्षेत 'कूटलेखन कोणत्या स्तरावर होते?' असा एका गुणाचा प्रश्न येतो, विद्यार्थी 'सहाव्या' असे लिहितो आणि तो गुण त्याला मिळतो. हाच विद्यार्थी पुढे एखाद्या बँकेच्या संगणक विभागात रुजू झाला, की त्याला सहावा स्तर कोठेच आढळत नाही. कार्यालयातील वाय-फायचे कूटलेखन दुसऱ्या स्तरावर होते. शाखांना जोडणारे व्हीपीएन बहुधा तिसऱ्या स्तरावर असते. ग्राहकाचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातील कूटलेखन चौथ्या स्तराच्या माथ्यावर बसते, तर एटीएमचा पिन या सर्वांच्या आधी, कळफलकाच्या आतच, कूटबद्ध होतो. कुलपे चार ठिकाणी आहेत. पुस्तकाने दाखविलेल्या जागी मात्र एकही नाही.

हा केवळ तपशिलाचा दोष असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु स्तर बदलला की कुलूप कोणापासून रक्षण करते हेच बदलते. किल्ली कोणाच्या हाती राहणार, मजकूर वाटेत कोठे उघडा पडणार आणि कूटलेखनानंतरही त्रयस्थाला काय दिसत राहणार, या तिन्ही गोष्टी स्थानाच्या निवडीने ठरतात. 'कोणत्या स्तरावर?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. तो प्रश्न 'कोणापासून आणि कोठपर्यंत?' या प्रश्नाचे दुसरे रूप आहे.

थैली आणि पाकीट

टपाल खात्याच्या जुन्या व्यवस्थेत याचे चांगले उदाहरण सापडते. एका गावच्या पोस्टातून निघालेली पत्रे थैलीत भरून थैलीला मोहोर लावली जाई. ती रेल्वे मेल सर्व्हिसच्या वर्गीकरण कार्यालयात उघडली जाई, पत्रे पत्त्यांनुसार वेगळी केली जात आणि नव्या थैल्यांना पुन्हा मोहोर लागे. वाटेतल्या चोराला थैलीत कोणाची पत्रे आहेत हेदेखील कळत नसे. वर्गीकरण करणाऱ्याच्या हाती मात्र प्रत्येक पत्र येई, आणि ते पोस्टकार्ड असेल तर त्यातील मजकूरही. याउलट प्रेषकाने स्वतः चिकटविलेले पाकीट मुक्कामापर्यंत बंद राहते. पण त्यावरचा पत्ता झाकता येत नाही, कारण तो झाकला तर पत्र पोहोचणारच नाही.

खालच्या स्तरावरील कूटलेखन ही थैली आहे आणि वरच्या स्तरावरील कूटलेखन हे पाकीट. थैली अधिक झाकते, पण थोड्या अंतरापुरती. पाकीट कमी झाकते, पण शेवटपर्यंत. हा भेद नवा नाही. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी विकेंद्रित संदेशवहनावर जी अहवालमाला लिहिली, तिच्यातील गुप्ततेवरील खंडात प्रत्येक दुव्यावरील आणि टोक-ते-टोक अशा दोन्ही प्रकारच्या कूटलेखनाचा विचार आहे. इंटरनेट अस्तित्वात येण्यापूर्वीच दोन्हींची गरज ओळखली गेली होती, असा याचा अर्थ.

सहाव्या स्तराची गोष्ट

मग सहावा स्तर पुस्तकात आला कोठून? आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये ओएसआय प्रतिमान प्रसिद्ध केले आणि १९८९ मध्ये त्याला सुरक्षा-रचनेचा दुसरा भाग जोडला. हा दुसरा भाग क्वचितच वाचला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. कूटलेखन फक्त सहाव्या स्तरावर व्हावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. गुप्ततेची सेवा भौतिक, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन या सर्व स्तरांच्या संदर्भात तेथे मांडलेली आहे. वगळला आहे तो फक्त पाचवा, सेशन स्तर. निवडीसाठी निकषही दिले आहेत. कोण कोणाशी किती बोलतो हेसुद्धा लपवायचे असेल तर भौतिक स्तर घ्यावा. दोन यंत्रणांमधील सर्व वाहतूक सरसकट झाकायची असेल तर नेटवर्क स्तर घ्यावा. एखाद्या अर्जातील विशिष्ट रकानाच झाकायचा असेल तर प्रेझेंटेशन स्तराकडे जावे. मूळ दस्तऐवजात असलेली ही तारतम्याची चर्चा पाठ्यपुस्तकात येईपर्यंत गळून गेली आणि शेवटची एक ओळ तेवढी उरली.

याच दस्तऐवजाने डेटा लिंक स्तरावर कूटलेखन करण्याची शिफारस मात्र केलेली नाही. तारांच्या जगात तो सल्ला योग्यच होता. पुढे १९९७ मध्ये बिनतारी स्थानिक जाळ्याचे मानक आले, तेव्हा 'तार' भिंतीपलीकडे रस्त्यावरही पोहोचू लागली आणि जेथे कूटलेखन नको म्हटले होते तेथेच ते अपरिहार्य ठरले.

सहाव्या स्तराचे प्रत्यक्षात जे झाले ते सर्वज्ञात आहे. व्यवहारात जिंकली ती टीसीपी-आयपीची रचना, आणि तिच्यात प्रेझेंटेशन स्तर स्वतंत्रपणे नाहीच. त्यामुळे कूटलेखनाला घर उरले नाही. ते जेथे जागा मिळेल तेथे राहू लागले.

दुव्यावरील कूटलेखन

दुव्यावरील कूटलेखनाचा सर्वांत परिचित नमुना भ्रमणध्वनीचा आहे. जीएसएम व्यवस्थेत संभाषण हँडसेट आणि बेस स्टेशन यांच्यामध्येच कूटबद्ध असते. मनोऱ्यापासून पुढे ते दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यात उघडेच जाते. त्याच कुटुंबातील जीपीआरएस या माहितीसेवेत मात्र कूटलेखन एका वरच्या उपस्तरावर, लॉजिकल लिंक कंट्रोलमध्ये, ठेवले गेले. परिणामी मजकूर मनोऱ्यावर न उघडता आणखी आतल्या, एसजीएसएन नावाच्या केंद्रापर्यंत झाकलेला राहतो. हँडसेट तोच, मनोरा तोच. केवळ स्तर बदलल्यामुळे संरक्षणाचे अंतर बदलले. वर्गात स्तररचनेचे महत्त्व पटविण्यासाठी याहून नेटके उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्थानाइतकाच क्रमही महत्त्वाचा असतो. प्रसारणातील चुका दुरुस्त करण्यासाठी संदेशात मुद्दाम पुनरुक्ती घातली जाते. ही पुनरुक्ती कूटलेखनानंतर घालावी हे तर्कसंगत आहे, कारण कूटलेखनापूर्वी घातली तर साध्या मजकुरात ठरावीक नियमाने बांधलेली बिटे तयार होतात आणि ती चोराला आयती मिळतात. जीएसएममध्ये नेमका उलटा क्रम आहे. तेथील एका नियंत्रण-वाहिनीवर १८४ बिटांचा संदेश आधी ४५६ बिटांचा होतो आणि नंतर कूटबद्ध होतो. इस्राएलमधील टेक्निऑन संस्थेचे बार्कन, बिहम आणि केलर यांनी २००३ मध्ये याच पुनरुक्तीच्या आधारे, साधा मजकूर अजिबात ठाऊक नसतानाही, जीएसएमची दुबळी ए५/२ पद्धत फोडून दाखविली. पद्धत मुळातच कच्ची होती हे खरे. परंतु हल्ल्याला वाट करून दिली ती थरांच्या क्रमाने.

वाय-फायची पहिली सुरक्षा-पद्धत, वेप, हिचा इतिहासही बोधप्रद आहे. तिच्यात प्रत्येक पॅकेटसाठी बदलणारा आरंभांक अवघा २४ बिटांचा होता. म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पॅकेटांनंतर पुनरावृत्ती अटळ, आणि गजबजलेल्या जाळ्यात एवढी पॅकेटे काही तासांत होतात. मजकुरात फेरफार झाला की नाही हे तपासण्यासाठी दुसऱ्या स्तरावरची नेहमीची सीआरसी बेरीजच वापरली होती. ही बेरीज विजेच्या गोंगाटाने झालेली चूक पकडते. बुद्धिपुरस्सर केलेला बदल पकडत नाही, कारण मजकुराची बिटे बदलली की बेरजेची कोणती बिटे बदलावी लागतील हे किल्लीशिवायही काढता येते. अपघात आणि कपट यांतील फरक त्या रचनाकारांच्या ध्यानी आला नाही. फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्ये किल्लीच बाहेर काढण्याचा मार्ग दाखविला. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले. मात्र पद्धत कितीही सुधारली तरी दुव्याची मर्यादा तशीच राहते. वाय-फायचे कूटलेखन संपते ते छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटपाशी.

नेटवर्क स्तर : आयपीसेक

दुवे अनेक आणि प्रत्येकाचा मालक वेगळा, तेव्हा सर्व दुव्यांना सामाईक असलेल्या आयपी स्तरावरच कूटलेखन करावे, हा विचार स्वाभाविक होता. त्यासाठी आयपीसेक या मानकाचे पहिले दस्तऐवज ऑगस्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. कल्पना देखणी आहे. एकदा कार्यप्रणालीच्या गाभ्यात ही सोय झाली की वरच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये एकही ओळ न बदलता सर्वांना संरक्षण मिळते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर आयपीसेक प्रत्येक यंत्रावर असणे बंधनकारक केले होते.

प्रत्यक्षात दोन अडचणी आल्या. पहिली पत्त्यांची. आयपीचे पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे वाटेतील राउटर पॅकेटावरील पत्ता बदलू लागले. नॅट या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज घराघरांत आहे. आयपीसेकच्या ज्या प्रकारात पत्त्यांसह सर्व हेडरची खातरजमा होते, त्या प्रकाराला हा बदल म्हणजे छेडछाडच वाटते आणि पॅकेट नाकारले जाते. दुसऱ्या प्रकारात पोर्ट-क्रमांकच कूटबद्ध होतात, त्यामुळे पत्ता बदलणाऱ्या राउटरला कोणते पॅकेट कोणाचे हेच उमगत नाही. अखेरीस २००५ मध्ये कूटबद्ध पॅकेट यूडीपीच्या वेष्टणात घालून पाठविण्याची सोय मानकात करावी लागली. तिसऱ्या स्तराची वस्तू चौथ्या स्तराच्या पिशवीतून नेण्याचा हा प्रकार सात स्तरांच्या तक्त्यात बसत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. आयपी स्तराला यंत्र ओळखता येते, माणूस ओळखता येत नाही. एका सर्व्हरवर पन्नास व्यक्ती काम करीत असतील तर त्यांतील कोण बोलत आहे हे तेथून कळत नाही. आणि आपला मजकूर झाकला जात आहे की नाही हे वरच्या प्रोग्रॅमलाही सहजासहजी कळत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर गेलेल्या ग्राहकाला 'समोर हीच बँक आहे' याची खात्री हवी असते, अमुक क्रमांकाचे यंत्र आहे याची नव्हे. सार्वजनिक इंटरनेटवर आयपीसेक रुजले नाही, याचे हेही एक महत्त्वाचे कारण होय. डिसेंबर २०११ मध्ये आयपीच्या सहाव्या आवृत्तीतील सक्तीही सौम्य करून शिफारशीवर आणण्यात आली. दोन कार्यालये, एक प्रशासन आणि मध्ये परके जाळे, अशा ठिकाणी मात्र आयपीसेक उत्तम चालते. कारण तेथे थैलीच हवी असते.

ट्रान्सपोर्टच्या माथ्यावर : टीएलएस

नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास ब्राउझरसाठी एसएसएल आणले, १९९९ मध्ये त्याचे टीएलएस या नावाने प्रमाणीकरण झाले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ प्रसिद्ध झाले. हे प्रोटोकॉल टीसीपीच्या वर आणि ॲप्लिकेशनच्या खाली बसतात. त्यांना चौथ्या स्तराचे म्हणावे, पाचव्याचे की सहाव्याचे, यावर शिक्षकांमध्ये रंगणारा वाद तसा निष्फळ आहे. यशाचे कारण सोपे होते : कार्यप्रणालीचा गाभा न बदलता केवळ ब्राउझर आणि सर्व्हर बदलून ते चालविता आले, आणि ओळख पटविली ती यंत्राच्या क्रमांकाची नव्हे, तर संकेतस्थळाच्या नावाची.

स्थानाची किंमत मात्र येथेही मोजावी लागते. टीसीपीचे हेडर टीएलएसच्या खाली असल्याने ते झाकले जात नाही. त्रयस्थाने टीसीपीचा बनावट 'जोडणी तोडा' संदेश घुसविला तर आतला मजकूर त्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही. पण संभाषण मोडता येते. शिवाय टीएलएसच्या प्रारंभिक संदेशात संकेतस्थळाचे नाव दीर्घकाळ उघडेच जात आले आहे. ते झाकण्याची सोय बरीच उशिरा पुढे आली.

तथापि टीएलएसची खरी मर्यादा वेगळी आहे : तो संपतो कोठे, हे वापरणाऱ्याला दिसत नाही. मोठ्या सेवांमध्ये ब्राउझरशी बोलणारा पहिला सर्व्हर हा केवळ दारवान असतो. तो कूटलेखन उकलतो आणि साधा मजकूर आतील शेकडो सर्व्हरांकडे धाडतो. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने एडवर्ड स्नोडेन यांच्याकडील कागदपत्रांच्या आधारे जी बातमी दिली, तिच्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एक हाताने काढलेली आकृती होती. एका बाजूला सार्वजनिक इंटरनेट, दुसऱ्या बाजूला गूगलचा अंतर्गत मेघ, आणि मध्ये असलेल्या दारवान-सर्व्हरकडे बाण दाखवून एसएसएल येथेच लावले व काढले जाते, अशी नोंद. नोंदीशेजारी एक हसरा चेहराही काढलेला होता. बातमीनुसार गूगल आणि याहू यांच्या माहिती-केंद्रांना जोडणाऱ्या खासगी तारांवरून माहिती टिपली जात होती. कोणतेही गणित फोडले गेले नव्हते. कुलूप जेथे संपते त्याच्या पुढे उभे राहणे पुरेसे होते. त्यानंतर या कंपन्यांनी आपले अंतर्गत दुवे कूटबद्ध करण्याच्या कामास वेग दिला. पाकीट आहे म्हणून थैली नको, असे म्हणता येत नाही, याचा हा धडा महागात मिळाला.

या संदर्भात भारतीय रिझर्व्ह बँकेच्या १४ जून २००१ च्या इंटरनेट बँकिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख आवश्यक आहे. ब्राउझर आणि वेब-सर्व्हर यांच्यात किमान १२८ बिटांचे एसएसएल असावे, हे त्यात सांगितले होतेच. त्याशिवाय पासवर्डसारखी संवेदनशील माहिती संस्थेच्या आतील प्रवासातही कूटबद्ध असावी, असेही म्हटले होते. अमेरिकेतील ती आकृती उजेडात येण्यापूर्वी बारा वर्षे आपल्याकडील एका परिपत्रकाने तो नेमका सांधा ओळखला होता. त्याच काळात इंटरनेट सेवेच्या परवान्याच्या अटींनुसार ४० बिटांपर्यंतच्या किल्ल्याच विनापरवानगी वापरता येत होत्या, ही विसंगती मात्र बराच काळ तशीच राहिली. सेवा पुरवठादाराने आपल्या जाळ्यात सरसकट कूटलेखनाची उपकरणे बसवू नयेत, अशीही अट २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत होती. थैलीला मोहोर नको, पाकिटाला लावली तर ती एवढीच जाड असावी, असा त्या अटींचा एकत्रित अर्थ होतो.

टोक-ते-टोक आणि त्याची किंमत

साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील तिघांनी १९८१ मध्ये मांडलेला आणि १९८४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झालेला 'टोक-ते-टोक युक्तिवाद' या चर्चेचा सैद्धान्तिक पाया आहे. कूटलेखनाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे तीन पदरी आहे. जाळ्याने कूटलेखन केले तर किल्ल्यांच्या बाबतीत जाळ्यावर विश्वास टाकावा लागतो. जाळ्याच्या हद्दीतून बाहेर पडून ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचेतो माहिती उघडी राहते. आणि संदेश खरा आहे की नाही हे ॲप्लिकेशनला तरीही स्वतः तपासावेच लागते. म्हणजे टोकांनी हे काम केले तर जाळ्याने करण्याची गरज नाही, आणि जाळ्याने केले तरी टोकांची सुटका नाही. अर्थात त्यांनी एक अपवादही नोंदविला आहे, जो सहसा उद्धृत होत नाही. एखादा वापरकर्ताच निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून उघडी माहिती बाहेर पाठवीत असेल, तर जाळ्याने सर्व काही आपोआप कूटबद्ध करणे उपयुक्त ठरते. येथे रक्षण संस्थेचे होते, व्यक्तीचे नव्हे. कोणाचे हित जपायचे यावर स्तर ठरतो, तो असा.

ई-मेल हे या युक्तिवादाचे जिवंत उदाहरण आहे. एका मेल-सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंतचा टप्पा टीएलएसने झाकता येतो, आणि आज बहुतेक ठिकाणी तो झाकलेला असतो. परंतु प्रत्येक सर्व्हरवर पत्र उघडते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा प्रोग्रॅम देऊन पत्रच बंद करण्याची सोय केली. तीन दशके उलटली तरी ती सर्वसामान्यांत रुजली नाही, कारण किल्ल्या सांभाळण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये टोक-ते-टोक कूटलेखन सर्व संदेशांना लागू केले, तेव्हा हे ओझे प्रोग्रॅमने स्वतःकडे घेतले आणि ज्याला किल्ली म्हणजे काय हे ठाऊक नाही तोही पाकीट बंद करू लागला. तरीदेखील संदेशांची मेघावर ठेवली जाणारी प्रत बराच काळ या कूटलेखनाबाहेर होती. तिला तसे संरक्षण घेण्याचा पर्याय ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळू लागला. प्रवासात बंद असलेले पाकीट मुक्कामी पोहोचल्यावर उघडून कपाटात ठेवावे आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असावी, तसा हा प्रकार होता.

पाकीट बंद झाले की मधल्या सर्वांचीच दृष्टी जाते : चोराची, तशीच विषाणू शोधणाऱ्या सर्व्हरची आणि न्यायालयाचा आदेश घेऊन आलेल्या तपास यंत्रणेचीही. भारतात हा ताण दोन प्रसंगी उघड झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कूटलेखन धोरणाच्या मसुद्यात साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची अट होती. टीकेनंतर तो मसुदा तत्काळ मागे घेण्यात आला. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश-सेवांना, आदेश मिळाल्यास, संदेशाचा पहिला प्रेषक ओळखता आला पाहिजे असे बंधन घातले, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲपने त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. या वादांत कायद्याची भाषा बोलली जाते. पण वाद आहे तो पाकीट कोणत्या स्तरावर बंद व्हावे याचाच.

बँकिंगमध्ये एक मधला मार्ग रूढ आहे. सर्वच मजकूर न झाकता त्यातील एकच रकाना, पिन, सर्वांत वर झाकायचा. एटीएमवर दाबलेला पिन कळफलकाच्या बंद मॉड्यूलमध्येच कूटबद्ध होतो. यंत्रातील संगणकालाही तो साधा दिसत नाही. पुढे प्रत्येक टप्प्यावर एका किल्लीतून दुसऱ्या किल्लीत त्याचे जे रूपांतर होते, तेही छेडछाडरोधक उपकरणाच्या आत. यूपीआयमध्येही पिन टाकण्याचा पडदा त्या त्या ॲपचा नसून एनपीसीआयच्या सामाईक लायब्ररीचा असतो, जेणेकरून ॲपच्या कंपनीला पिन कळू नये. आणि हा कूटबद्ध पिन पुन्हा टीएलएसच्या वेष्टणातून जातो. १९८९ च्या मानकाने 'विशिष्ट रकान्याची गुप्तता' म्हणून जी सेवा सांगितली होती, ती हीच.

परंतु टोकच शत्रूच्या ताब्यात गेले तर? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, तेव्हा हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी पर्यायी बनावट यंत्रणाच उभी केल्याचे समोर आले. अशा वेळी तारेवर कोणते कूटलेखन होते हा प्रश्न गौण ठरतो. कूटलेखन दोन टोकांमधील वाट राखते. टोक राखणे हे त्याचे काम नाही.

संक्षेपणाचा शेजार

पाठ्यपुस्तकातील सहाव्या स्तरावर संक्षेपण आणि कूटलेखन शेजारी नांदतात. क्रम निर्विवाद आहे : आधी संक्षेपण, मग कूटलेखन, कारण कूटबद्ध मजकुरात पुनरुक्ती उरत नाही आणि तो आकुंचन पावत नाही. परंतु हा शेजार वाटतो तितका निरुपद्रवी नाही. २०१२ मध्ये रिझो आणि ड्युआँग या संशोधकांनी क्राइम नावाचा हल्ला दाखविला. हल्लेखोराने ब्राउझरकडून स्वतः निवडलेला मजकूर गुप्त कुकीसोबत पाठवून घ्यायचा आणि कूटबद्ध पॅकेटची लांबी मोजत राहायचे. अंदाज बरोबर आला तर पुनरुक्ती वाढते, संक्षेपण अधिक होते आणि पॅकेट किंचित आखूड होते. अक्षरामागून अक्षर असे करीत कुकी बाहेर येते. कूटलेखन मजकूर लपविते, लांबी लपवीत नाही, आणि संक्षेपण मजकुराची माहिती लांबीत उतरविते. टीएलएस १.३ मधून संक्षेपण काढूनच टाकण्यात आले.

स्तरांची पुनर्रचना आणि वर्गातील प्रयोग

मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने ट्रान्सपोर्ट आणि टीएलएस १.३ यांची वीणच एक केली. तो यूडीपीवर चालतो, आणि पॅकेटांचे क्रमांकसुद्धा झाकतो. त्यामुळे टीसीपीच्या बाबतीत शक्य असलेला बनावट संदेश घुसवून जोडणी तोडण्याचा सोपा मार्ग येथे राहत नाही. क्रमांक झाकण्यामागे गुप्ततेपेक्षा वेगळेही कारण आहे. वाटेतील उपकरणे उघडे हेडर वाचून त्यावर स्वतःचे नियम बसवितात आणि मग प्रोटोकॉल बदलणेच अशक्य होते. टीएलएस १.३ ला याच कारणाने आपल्या पहिल्या संदेशात जुन्या १.२ आवृत्तीचा क्रमांक मिरवावा लागतो. अन्यथा मधली काही उपकरणे जोडणीच होऊ देत नाहीत. जे दिसत नाही त्यावर कोणी अवलंबून राहू शकत नाही, म्हणून रचनाकार आता हेडरही झाकू लागले आहेत. जून २०२२ मध्ये प्रमाणित झालेले एचटीटीपीचे तिसरे रूप याच क्विकवर उभे आहे.

हे सारे फळ्यावरील तक्त्यापेक्षा प्रयोगशाळेत अधिक लवकर कळते. वायरशार्क हा मुक्त प्रोग्रॅम असलेल्या एका संगणकावर महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडावे आणि टिपलेल्या पॅकेटांत काय वाचता येते याची यादी विद्यार्थ्यांना करू द्यावी : दोन्ही आयपी पत्ते, पोर्ट क्रमांक, पॅकेटांच्या लांबी, वेळ आणि बहुधा संकेतस्थळाचे नाव. नंतर तेच व्हीपीएन चालू करून करावे. यादी आखडते आणि तिच्यात एकच अनोळखी पत्ता उरतो. तिसऱ्या वेळी टिपण व्हीपीएनच्या पलीकडच्या टोकाला घ्यावे. पहिली यादी बहुतांशी जशीच्या तशी तेथे परत येते; बदललेला असतो तो फक्त पाठविणाऱ्याचा पत्ता.